शाल्के ०४ : एका खाणगावाचा संघ (लेखांक चौथा)

मागील लेखांकात आपण १९२४ सालापर्यंत आलो होतो. १९०४ मध्ये जर्मनीच्या ऱ्हूर खोऱ्यातील गेल्सेनकिर्शेन शहराच्या शाल्के या वस्तीतील काही पोरांनी गवताळ माळावर सुरू केलेला फुटबॉलचा खेळ मधल्या काळात एका व्यायामसंघाच्या आश्रयाला गेला, आणि त्या संघापासून फारकत घेऊन १९२४ मध्ये ‘एफ. सी. शाल्के ०४’ या नावाने निळ्या-पांढऱ्या पोशाखात स्वतंत्रपणे उभा राहिला. आज ज्या प्रकरणाविषयी लिहावयाचे आहे, ते या संघाच्या कोणत्याही अजिंक्यपदापेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि म्हणून वाचकांची परवानगी गृहीत धरून मी सबंध लेखांक त्यालाच देणार आहे.

त्या प्रकरणाचे मर्म समजण्यासाठी हे खेळाडू कोण होते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. ऱ्हूर खोऱ्यातील कोळशाच्या खाणींना मनुष्यबळ पुरविण्यासाठी पूर्व प्रशियातील मझुरिया प्रांतातून जी हजारो कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडे आली, त्यांच्या घरांत जन्मलेली ही मुले होती. त्यांची आडनावे पोलिश वळणाची असल्यामुळे प्रतिष्ठित क्लबांचे लोक त्यांना तुच्छतेने ‘पोलॅक’ म्हणत. संघाचा प्राण असलेला एर्न्स्ट कुत्सोरा हा ‘कन्सोलिडेशन’ नावाच्या खाणीत कामाला होता. १९२८ मध्ये संघाचे जे मैदान तयार झाले, त्याचे नावच ‘ग्ल्युक्आउफ’ ठेवण्यात आले. खाणीत उतरणारा माणूस सुखरूप वर येवो, या भावनेने तेथील कामगार एकमेकांना जे अभिवादन करीत, तो हा शब्द.

आणि या मुलांनी खेळ कसा उभा केला? पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधून परतलेल्या बालमान बंधूंनी त्यांना जमिनीलगतच्या आखूड पासांचा धडा घालून दिला होता. चेंडू पायाशी आला की तो क्षणभरही रेंगाळू न देता, दहा-पंधरा हातांवर मोकळ्या झालेल्या गड्याकडे सरकवायचा, आणि सरकवताक्षणी आपण दुसरी मोकळी जागा गाठून पुन्हा चेंडू मागायचा. असे चार-पाच गडी एकाच वेळी करू लागले, म्हणजे प्रतिपक्षाचा बचाव त्या चेंडूमागे गरगरत राही. लोकांनी या खेळाला नाव दिले ‘शाल्कर क्रायझेल’, म्हणजे शाल्केचा भोवरा. कुत्सोरा आणि फ्रिट्स शेपान ही जोडी या भोवऱ्याची आर होती. कुत्सोराची बहीण पुढे शेपानला दिली, त्यामुळे मैदानावरचे हे साहचर्य नात्यातही उतरले.

आता हे लोक आठवडाभर मजुरी करणारे, आणि जर्मन फुटबॉल संघटनेचा कायदा असा, की फुटबॉल हा केवळ हौशी खेळाडूंनी खेळावयाचा. त्याबद्दल मुक्रर केलेल्या किरकोळ भत्त्यापलीकडे एक छदामही घ्यावयाचा नाही. इंग्लंडने व्यावसायिक खेळाडूला १८८५ मध्येच मान्यता दिली होती, ऑस्ट्रियाने १९२४ मध्ये. जर्मनीत मात्र हौशीपणाचे हे सोवळे कडकडीत पाळले जाई. ज्याचे पोट वडिलार्जित उत्पन्नावर किंवा कचेरीतल्या पगारावर भरते, त्याला हौस परवडते. पण ज्याची पाळी बुडाली की घरातली भाकरी बुडते, त्याने हजारो प्रेक्षकांचे तिकीट ज्या खेळावर विकले जाते तो खेळ फुकट खेळावा, ही अपेक्षा मला तरी न्याय्य वाटत नाही. संघाने नियम मोडला, हे खरेच आहे. भत्त्याच्या नावाखाली ठरल्यापेक्षा अधिक पैसे खेळाडूंच्या हाती जात होते, आणि ते अन्य कित्येक संघांतही जात होते.

तपासणी झाली, हिशेबाची वहीखाती मागविली गेली, जाबजबाब झाले, आणि २५ ऑगस्ट १९३० रोजी पश्चिम जर्मन संघटनेचे फर्मान निघाले : पहिल्या संघातील १४ खेळाडू हे धंदेवाईक ठरवून त्यांना खेळण्यास मनाई, काही पदाधिकारी बडतर्फ, आणि वर संघाला १००० मार्कांचा दंड. जागतिक मंदीने कारखान्यांच्या चिमण्या थंडावत चालल्या होत्या, बेकारांची संख्या महिन्यागणिक चढत होती. अशा काळात आठवड्याच्या अखेरीस निळा-पांढरा रंग पाहावयास जाणे हाच ज्या वस्तीचा एकमेव आनंद, तिचा तो आनंदही एका हुकमाने काढून घेतला गेला.

संघाचे आर्थिक व्यवहार पाहत होते विली नीअर. पैसे कोणाला, किती आणि कशासाठी दिले, हे त्यांच्याच अक्षरात लिहिलेले. निकालाचा आघात त्यांना सोसला नाही. त्यांनी ऱ्हाइन-हेर्न कालव्यात देह टाकला. हा कालवा संघाच्या मैदानापासून फार दूर नाही, कोळशाने लादलेल्या नावा त्यातून अहोरात्र जात असत. मजुरांना त्यांच्या बुडालेल्या रोजाची भरपाई केल्याच्या आरोपाखाली एका खजिनदाराला जीव द्यावासा वाटावा, ही गोष्ट लिहिताना आजही लेखणी अडखळते. ज्यांनी शिक्षा फर्मावली, त्यांच्या मनात क्रौर्य होते असे मी म्हणत नाही. कायद्याचे शब्द त्यांनी तंतोतंत वाचले, एवढेच.

संघटनेवर टीकेचे मोहोळ उठले आणि शिक्षेची मुदत पुरी होण्याआधीच बंदी उठविण्यात आली. १ जून १९३१, सोमवार, संध्याकाळची वेळ. प्रतिपक्ष ड्युसेलडॉर्फचा फॉर्टुना. कामाचा दिवस असूनही ग्ल्युक्आउफ मैदानावर ७०,००० माणसे लोटली. मैदान बांधताना इतक्यांची कल्पना कोणी केलेली नव्हती. बाके भरली, उतार भरले, आणि उरलेले लोक थेट चुन्याच्या रेषांना पाय टेकून उभे राहिले. हा काही अजिंक्यपदाचा सामना नव्हता, साधा मैत्रीचा सामना होता. नऊ महिन्यांनंतर आपली माणसे पुन्हा चेंडूला पाय लावताना दिसावीत, एवढ्यासाठीच ती सारी वस्ती तेथे आली होती.

खुल्या व्यावसायिकतेला जर्मनीत रस्ता मिळाला तो १९६३ मध्ये, बुंडेसलीगा सुरू झाली तेव्हा; कुत्सोरा आणि शेपान तोवर साठीच्या उंबरठ्याशी आलेले होते. पण त्याच्या कितीतरी आधी, २४ जून १९३४ रोजी, बर्लिनच्या मैदानावर न्युर्नबर्गविरुद्ध एका गोलाने मागे पडलेल्या शाल्केसाठी अखेरच्या तीन मिनिटांत प्रथम शेपानने आणि मग कुत्सोराने गोल केला, आणि संघाने आपले पहिले अजिंक्यपद पटकावले. तोवर जर्मनीत हिटलरचा अंमल बसला होता, आणि खाणकामगारांच्या या विजयाचा उपयोग त्या राजवटीने कसा करून घेतला, ते पुढील लेखांकात पाहू.