बिनतारी दवंडी

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. कोणी तिकिटे जमवतो, कोणी गुलाबाची कलमे बांधतो. अशीच एक हौस बिनतारी संदेशांची आहे. परीक्षा देऊन सरकारी परवाना काढायचा, गच्चीवर एरियल उभारायची आणि अनोळखी माणसांशी बोलायचे! या मंडळींना जगभर 'हॅम' म्हणतात. पण त्यांचे काही संच गप्पा मारत नाहीत. थोड्या थोड्या वेळाने ते आपला ठावठिकाणा तेवढा सांगतात आणि तो थेट इंटरनेटवरच्या नकाशात उमटतो. हे घडते कसे?

या योजनेचे जनक बॉब ब्रुनिंगा हे अमेरिकेच्या नौदल प्रबोधिनीतले अभियंते. नौदलाकडून येणारे ठावठिकाण्याचे संदेश संगणकाच्या नकाशावर मांडण्याचा खटाटोप त्यांनी १९८२ साली केला. १९८४ साली घोड्यांच्या शंभर मैलांच्या शर्यतीत कोणता घोडा कुठे आहे नि कसा आहे, हे कळावे म्हणून त्यांनी ती युक्ती सुधारली. पुढे उपग्रहांच्या साहाय्याने जागा सांगणारे जीपीएस यंत्र हाताशी आले आणि या पद्धतीला 'एपीआरएस' हे नाव मिळाले.

तिची रीत थेट आपल्या दवंडीसारखी. रजिस्टर पत्राला पोचपावती असते, दवंडीला नसते. ज्याच्या कानी पडेल त्याने ऐकावे! संच जीपीएसकडून अक्षांश-रेखांश घेतो, त्यांना मालकाचे परवाना-चिन्ह जोडतो आणि एक चिरका आवाज हवेत सोडतो. एवढ्याशा आवाजात जागेचा पत्ता साधारण १८ मीटरपर्यंत नेमका असतो. उत्तर अमेरिकेत हे सारे संच १४४.३९ मेगाहर्ट्झ या एकाच लहरीवर बोलतात.

डोंगरमाथ्यावरचे संच ही हाक ऐकून पुन्हा देतात. किती वेळा द्यायची, याचा आकडा संदेशातच असतो. प्रत्येक टप्प्याला तो एकाने उतरतो आणि शून्यावर आला की दवंडी थांबते. नाहीतर साऱ्या हवेत एकच कल्लोळ माजेल!

आता वेशीवरचा माणूस पाहा. त्याच्या घरी रेडिओ आहे, संगणक आहे आणि इंटरनेटही. रेडिओवर ऐकलेले तो इंटरनेटवर पोचते करतो. या ठाण्याला 'आयगेट' म्हणतात. एकच हाक चार घरांनी ऐकली, तरी पलीकडचे सर्व्हर जुळे संदेश ओळखून एकच ठेवतात. काही ठाणी उलटा निरोपही नेतात. मात्र ज्याला तो द्यायचा, तो नुकताच आसपास ऐकू आलेला असावा लागतो.

यात एक धोका आहे, तोही सांगायला हवा. हॅमना आपले बोलणे सांकेतिक भाषेत दडवता येत नाही, म्हणून हा पत्ता कोणालाही वाचता येतो. 'इंटरनेटवर देऊ नये' अशी खूण संदेशात घालण्याची सोय आहे. पण हवेतली हाक कोण ऐकतो आहे, हे कोणी सांगावे?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रानात वाट चुकलेल्या माणसाचा नकाशावरचा शेवटचा ठिपका शोध घेणाऱ्यांना दिशा देतो. पण ठिपका थांबला म्हणजे माणूस संकटात सापडला, असे नव्हे. कदाचित मध्ये डोंगर आला असेल! आणि ठिपका दिसतो म्हणून माणूस सुखरूप आहे, असेही नव्हे. म्हणूनच ब्रुनिंगा वारंवार बजावत, की ही केवळ मोटारींचा माग काढण्याची सोय नव्हे. आसपासच्या माणसांनी एकमेकांची तातडीची खबर घ्यावी, यासाठी ती आहे. इंटरनेट ही पुढची जोड. वादळात तारा तुटल्या, तरी बॅटरीवरचे संच एकमेकांना हाक देत राहतात.

ब्रुनिंगा २०२२ साली वारले. त्यांची दवंडी मात्र चालू आहे, कारण कितीतरी घरांच्या कोपऱ्यांत एक लहानसा संच रात्रंदिवस कान देऊन बसलेला असतो. या हौसेतून पैसा मिळवण्याची मुभा नाही. आणि ज्याची हाक पुढे पोचते, त्याला ती कोणाच्या घरातून गेली याचा विचारही बहुधा शिवत नाही. दुसऱ्याची हाक नुसती ऐकून पुढे देणे, हीसुद्धा एक सेवाच म्हणायची!