थंड उपचार : कोणाला, केव्हा आणि किती?



ताप चढला की कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, पाय मुरगळला की आंबेहळदीचा लेप, आणि बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून बर्फ. कोकणातून, मुंबईतून इस्रायलला आलेल्या आपल्या घरांना हे उपचार नवे नाहीत. पण हल्ली याच थंडाव्याचा मोठा धंदा झाला आहे. खेळाडू बर्फाच्या टबात बसतात, तरुण मंडळी उणे शंभर अंशांच्या पेटीत उभी राहतात, आणि नातवंडे प्रेमाने म्हणतात, "चला आजी, तुमचे गुडघे बरे होतील." वयस्कर माणसाने हो म्हणायचे की नाही? आम्ही नर्स मंडळींनी जन्मभर बर्फाच्या पिशव्या भरल्या, म्हणून चार शब्द सांगावेसे वाटतात.

थंडी लागली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी येते, म्हणून सूज आवरते. नसा बधिर होतात, म्हणून ठणका थांबतो. फायदा एवढाच, पण तो खरा आहे. झिजलेला सांधा मात्र थंडीने पुन्हा भरून येत नाही, हे आधी समजून घ्यावे.

अतिथंड खोलीचा उपचार जपानमधला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. यामाउची यांनी तो संधिवाताच्या रोग्यांसाठी सुरू केला. उणे ११० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही थंड हवेत दोन-तीन मिनिटे उभे राहायचे. आकडा ऐकून छाती दडपते. पण कोरडी हवा अंगातली उष्णता हळू ओढते. पाणी तीच उष्णता पंचवीसेक पट वेगाने ओढते. म्हणजे दहा-पंधरा अंशांचे साधे पाणीसुद्धा स्नायूंना या महागड्या पेटीपेक्षा कमी गार करत नाही.

काही पेट्यांत थंडीसाठी नायट्रोजन वायू सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही. तो कोंडला की प्राणवायू कमी होतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. २०१५ साली अमेरिकेच्या नेवाडा राज्यात अशा केंद्रातली एक कर्मचारी एकटीच पेटीत गेली आणि मृत्यू पावली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले की, रोग बरे करण्यासाठी अशा एकाही यंत्राला आम्ही मान्यता दिलेली नाही. दुसरा धोका ओलाव्याचा. धावपटू जस्टिन गॅटलिन २०११ साली घामाने ओले मोजे घालून अशा खोलीत गेला आणि पायांना हिमदंश घेऊन जागतिक स्पर्धेला पोचला. हे झाले धडधाकट खेळाडूचे. मग आपले काय?

खेळाडूंना बर्फाच्या पाण्याचा उपयोग होतो का? होतो, थोडा. व्यायामानंतर अंग दुखते ते कमी होते. मात्र वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्याने रोज लगेच थंड पाण्यात बसू नये. स्नायू वाढण्याचे काम त्याने मंदावते, असे २०१५ सालच्या संशोधनात दिसले. मुरगळलेल्या पायाला विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हा मंत्र १९७८ साली डॉ. गेब मिर्किन यांनी दिला. पुढे त्यांनी स्वतःच सांगितले की, बर्फ ठणक्यासाठी ठीक, पण जास्त वेळ ठेवला तर भरून यायला उशीर लागू शकतो. कारण सूज हीसुद्धा शरीराची दुरुस्तीच असते.

सौंदर्याचे म्हणाल, तर थंडीने चरबी गोठवण्याचे यंत्र आहे आणि त्याला मान्यताही आहे. चरबीच्या पेशी कातडीपेक्षा थंडीला लवकर बळी पडतात, त्यावर ते चालते. पण क्वचित उलटेच होते, त्या जागी चरबी वाढून घट्ट होते. २०२१ साली प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी आपल्या बाबतीत असेच घडल्याचे जाहीरपणे सांगितले. चेहऱ्याला बर्फ चोळल्याने सकाळची सूज थोडा वेळ उतरते, सुरकुत्या जात नाहीत.

थंडीची खरी किमया इस्पितळात दिसते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला ७२ तास ३३-३४ अंशांवर ठेवून त्याचा मेंदू वाचवण्याचा प्रयत्न करतात. काही केमोथेरपीच्या वेळी तोंडात बर्फाचे खडे चघळले तर तोंड येणे कमी होते. थंड टोपीने काहींचे केस वाचतात. पण तिथे अंश आणि मिनिटे मोजणारे कोणी तरी शेजारी उभे असते!

आता घरचे. बर्फाची पिशवी नसेल तर सुपरमधून आणलेली गोठलेल्या वाटाण्याची पिशवी चालते. मध्ये पातळ टॉवेल ठेवा. दहा ते पंधरा मिनिटे पुरे, मग तास-दोन तास थांबा. मध्येच कातडी पाहा. पांढरी पडली किंवा बधिर झाली तर लगेच काढा. ताजी इजा असेल तर थंड, जुना आखडलेला सांधा असेल तर गरम शेक. भाजल्यावर बर्फ कधीच नको, नळाचे थंड पाणी वीस मिनिटे सोडा.

ज्यांना मधुमेहाने पायांत मुंग्या किंवा बधिरपणा आहे, त्यांनी पायांना बर्फ लावू नये. भाजते आहे हे त्यांना कळतच नाही. आपल्या घराघरांत मधुमेह किती आहे, ते सांगायला नकोच. रक्ताभिसरण कमी असलेल्यांनी, थंडीत बोटे पांढरी पडणाऱ्यांनी किंवा थंडीने अंगावर गांधी उठणाऱ्यांनीही जपावे. हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर बर्फाचा टब आणि ती पेटी दोन्ही टाळावीत. एकदम थंड पाण्यात शिरले की श्वास अडकतो, रक्तदाब उसळतो आणि नाडी बिघडू शकते. विचारायचे तर कुपत होलीमच्या डॉक्टरांना विचारा, दुकानातल्या मुलाला नको. छातीत दुखले तर वाट न पाहता १०१ फिरवा.

नातवंडांना नाराज करू नका. त्यांना सांगा, पेटीचे पैसे राहू द्या, त्याऐवजी संध्याकाळी अर्धा तास आमच्याबरोबर चाला. गुडघ्यांना त्याचा गुण जास्त येतो आणि गप्पाही होतात.

सर्वांना १२० वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो.