कंबर कसण्यापूर्वी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने स्नायूंवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. पण आपली भाषाच पाहा. काम अंगावर आले की आपण कंबर कसतो, मित्राच्या पाठीशी उभे राहतो, संकटात कणा ताठ ठेवतो. हे सारे ज्या धडाच्या भरवशावर चालते, ते धड कशाने उभे राहते हे मात्र मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ते कळले आईच्या कंबरदुखीमुळे.

आमचे गाव मानवत तालुक्यात. कापूस फुटला की आई सकाळीच भाकरी बांधून वेचणीला जाते. कमरेला ओटी बांधायची, खालची बोंडे वाकून वेचायची, ओटी भरली की गाठोड्यात रिती करायची. मजुरी किलोवर. संध्याकाळी ती म्हणायची, "कंबर धरली रे बाबा." मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणायचो, "वय झालं आता." अखेर तिला परभणीला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेले. त्यांनी जे तपासले आणि समजावले, तेच पुस्तकांची थोडी भर घालून येथे मांडतो.

पाठीचा कणा म्हणजे खांब, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती 24 सुट्या मणक्यांची उतरंड आहे. स्नायूंचा आधार नसेल तर ती थोड्या भारानेही कलंडेल. समोर, जघनास्थीपासून पाचव्या ते सातव्या बरगडीच्या कूर्चेपर्यंत जाणारा पोटाचा सरळ स्नायू धड पुढे वाकवतो. बाजूंना दोन तिरके स्नायू असतात, बाह्य आणि आंतर. गंमत अशी, की धड डावीकडे वळवताना उजवा बाह्य आणि डावा आंतर स्नायू जोडीने ओढतात. सर्वांत आत आडवा स्नायू पोटाला पट्ट्यासारखा आवळून धरतो. मागे कण्याच्या दोन्ही अंगांनी 'इरेक्टर स्पायनी' हा स्नायूसमूह चढत जातो. धड ताठ करणे आणि वाकताना ते सावकाश खाली सोडणे, ही दोन्ही कामे त्याचीच.

या स्नायूंचे बळ मोजायला यंत्र लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट यांनी पोलिओच्या रुग्णांसाठी हातांनी स्नायू तपासण्याची पद्धत रूढ केली. आज त्यात 0 ते 5 अशा श्रेणी देतात. पोटाची परीक्षा उताणे निजवून होते. हात डोक्यामागे ठेवून खांद्याची पाती फळीवरून पूर्ण उचलली, तर श्रेणी 5. हात छातीवर घडी करून जमले तर 4, हात पुढे पसरूनच जमले तर 3. नुसतीच मान उचलली तर 2. खोकताना पोटावर ठेवलेल्या बोटांना स्नायू आवळल्याचे जाणवले तर 1, आणि काहीच न जाणवल्यास 0. येथे वजनमापे म्हणजे आपलेच हात! ते डोक्याकडे गेले की तराजूचा दांडा लांबतो आणि स्नायूला अधिक ओढावे लागते. पाठीसाठी पालथे निजवून, पाय धरून, छाती उचलायला सांगतात.

आईची पोटाची श्रेणी 3 निघाली, पाठीची मात्र 5. मी बुचकळ्यात पडलो. पाठ एवढी बळकट, तर दुखते का? तेव्हा बाईंनी दुसरी परीक्षा घेतली. डेन्मार्कच्या बीअरिंग-सोरेनसन यांच्या 1984 सालच्या अभ्यासामुळे ती प्रसिद्ध झाली. पाय पट्ट्यांनी बांधून कमरेवरचे अंग फळीबाहेर आडवे तोलून धरायचे, जास्तीत जास्त 240 सेकंद. आई 30 सेकंदांतच थरथरू लागली. ताकद होती, दम नव्हता. एकदा छाती उचलणे वेगळे आणि दिवसभर वाकून राहणे वेगळे.

त्यात ओटीचा भार. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून सुमारे 5 सेंटिमीटर मागे असतात. 5 किलोची ओटी 20 सेंटिमीटर पुढे लोंबली, तर तिला तोलण्यासाठीच स्नायूंना 20 किलोंइतके ओढावे लागते. धडाचा स्वतःचा भार निराळा. शिवाय, माणूस पूर्ण वाकला की पाठीचे हे स्नायू बरेचसे शांत होतात आणि भार अस्थिबंधांवर व गाद्यांवर जातो. फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी 1950 च्या दशकात स्नायूंच्या विद्युत्-नोंदी घेऊन हे दाखवले. म्हणजे खालची बोंडे वेचताना आईची पाठ विसावत नव्हती, नुसता भार दुसऱ्याच्या गळ्यात पडत होता.

बाईंनी दोन व्यायाम दिले आणि सांगितले, ओटी अर्धी भरली की रिती करा, दर ओळीच्या शेवटी ताठ उभे राहून मागे वाका. आई म्हणाली, "तेवढ्यात किलोभर कापूस होतो, बाई." यावर बाईंजवळ उत्तर नव्हते, माझ्याजवळही नाही. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी स्त्रियांचे कष्ट हलके करणाऱ्या साधनांवर संशोधन झाले आहे. ते आमच्या फडापर्यंत पोचावे, एवढीच इच्छा.

वाचकहो, या परीक्षा जाणकारांविना घरी करू नका. पण घरात कुणी "कंबर धरली" म्हणाले, तर वयाचे नाव सांगून मोकळे होऊ नका. आई आता ओटी अर्ध्यावरच रिती करते. व्यायाम दोन दिवस करते, तिसऱ्या दिवशी विसरते. आठवण करायला मी आहे. आणि सुट्टीत वेचणीला तिच्याबरोबर जातो. खालची बोंडे माझी.