पऱ्हाटीवरचा मावा अंगणात येतो तेव्हा
अंगणातली झाडं : लेखांक ८

फेब्रुवारी उजाडला की वर्धा जिल्ह्यात दोन गोष्टी बरोबरच घडतात. शेतातली पऱ्हाटी उपटली जाते आणि अंगणातल्या लिंबाला, जास्वंदीला नवी पालवी फुटते. पऱ्हाटीवर पोसलेला मावा तिच्याबरोबर संपत नाही. दाटी झाली, रस आटला की त्याच्या पुढच्या पिढीला पंख येतात आणि तो वाऱ्यावर निघतो. कपाशीवरच्या या माव्याचं शास्त्रीय नाव ॲफिस गॉसिपी. भेंडी, वांगं, जास्वंद, पेरू, लिंबू, संत्रा, त्याला सगळं चालतं.

मग कोवळी पानं आक्रसतात, झाडाखालची फरशी चिकट होते आणि पानांवर काजळी धरते. ही काजळी म्हणजे माव्याच्या गोड स्रावावर वाढणारी बुरशी. तिच्यावर वेगळं औषध लागत नाही, मावा हटला की तिची वाढ थांबते. आर्वी, कारंजा (घाडगे) भागातल्या संत्राबागांना मात्र आणखी एक धोका असतो. मावा तिथे ट्रिस्टेझा या विषाणूची ने-आण करतो, म्हणून लिंबू-संत्र्याच्या नवतीकडे लवकर लक्ष द्यावं.

माव्याच्या मादीला नराची गरज नसते. ती थेट पिल्लं घालते आणि उबदार हवेत ती पिल्लंही आठवडा-दहा दिवसांत आया होतात. भरलेली फांदी पाहून माणूस घाबरतो आणि कृषी केंद्रातून विषारी औषध आणतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी, शेतमजुरांचा जीव गेला. तुळस, विहीर आणि खेळती मुलं असलेल्या अंगणात हे विष यावंच कशाला?

आधी पान उलटून नीट बघावं. हिरव्या-काळ्या माव्याच्या गर्दीत काही किडे फुगलेले, बदामी रंगाचे आणि निश्चल दिसतात. एखाद्याच्या पाठीला गोल भोक असतं. सुईच्या टोकाएवढ्या परजीवी माशीने त्या माव्यात अंडं घातलं होतं, आणि त्यातून वाढलेली नवी माशी भोक पाडून निघून गेली. तिथेच लहानशा सुसरीसारखी दिसणारी, करडी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरत असते. ती ढालकिड्याची. प्रौढ होईपर्यंत ती शेकडो मावे फस्त करते, पण कीड समजून माणसं सर्रास तिलाच चिरडतात. हे दोघे दिसले, तर त्या फांदीला चार-सहा दिवस हात लावू नये.

तोवर मुंग्यांचा बंदोबस्त करावा. गोड स्रावासाठी मुंगळे माव्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकून लावतात. खोडाला कापडाची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावावं. सालीवर थेट लावू नये. भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर मुंगळे तिकडून चढतात. युरियाचा हातही आखडावा, कारण जास्त नत्राने आलेली लुसलुशीत पालवी माव्याला फार मानवते.

कपाशीच्या कडेने चवळी लावायला कृषितज्ज्ञ सांगतात. चवळीवर येणाऱ्या काळ्या माव्यावर मित्रकीटक पोसले जातात, पुढे तेच कपाशीवर पसरतात. कुंपणालगत चवळीची एक ओळ अंगणातही हेच काम करते.

एवढं करूनही मावा वाढला, तर सकाळी पाइपने पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारावा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. तरीही हटला नाही, तरच निंबोळी अर्क. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून पाणी एक लिटर करावं आणि थोडा साधा साबण विरघळवावा. फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हात अर्काचा प्रभाव लवकर ओसरतो. आधी एकाच फांदीवर करून पाहावी.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तोवर मावा बहुधा आपणच ओसरलेला असतो. निंबोळ्या पिकून पडतात त्या जून-जुलैत. तेव्हाच वेचून, गर धुऊन त्या सावलीत वाळवाव्यात आणि हवा खेळेल अशा पोत्यात भरून ठेवाव्यात. दोन-तीन वर्षांच्या जुन्या निंबोळ्यांत फारसा दम उरत नाही.

(पुढील लेखांकात : सीताफळावरचा पिठ्या ढेकूण)