एका अक्षराला किती ठिपके लागतात?

५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी नवी दिल्लीत ‘आकाश’ हा टॅबलेट देशासमोर ठेवला. त्याचा पडदा ७ इंची होता. त्यावर आडवे ८०० आणि उभे ४८०, म्हणजे एकूण ३,८४,००० ठिपके होते. पाच महिन्यांनी, मार्च २०१२ मध्ये ॲपलचा तिसरा आयपॅड आला. त्याच्या ९.७ इंची पडद्यावर २०४८ गुणिले १५३६, म्हणजे ३१,४५,७२८ ठिपके होते. भारतात तो एप्रिलअखेर ३०,५०० रुपयांपासून मिळू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ आला. तो सरकारला २,२६३ रुपयांना पडत होता. प्रोसेसर आणि स्पर्शाचा पडदा दोन्ही सुधारले होते, ठिपके मात्र तेवढेच राहिले.

दोघांच्या किमतीत साडेतेरा पटींचं अंतर होतं आणि ठिपक्यांत आठ पटींचं. या आठ पटींनी वाचणाऱ्याला खरोखर काही मिळतं का? माझं उत्तर असं: एका मर्यादेपर्यंत फार मोठं काही मिळतं, त्यापुढे जवळजवळ काहीच मिळत नाही. आणि देवनागरी वाचणाऱ्यासाठी ही मर्यादा इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा बरीच वर आहे. टॅबलेट विकत घेणारे पालक आणि लाखांनी खरेदी करणारी सरकारं, दोघांनीही हे आकडे नीट मांडून पाहायला हवेत.

आधी या आकड्यांचा आवाका पाहू. सेकंदाला एक या वेगाने आकाशचे ठिपके मोजायला बसलं, तर न झोपता साडेचार दिवस लागतील. आयपॅडला ३६ दिवस लागतील. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपठिपके असतात आणि प्रत्येकामागे एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो, म्हणजे आयपॅडच्या एका पडद्यात ९४,३७,१८४ ट्रान्झिस्टर. प्रत्येक ठिपका १ कोटी ६७ लाख रंगछटांपैकी कोणतीही धारण करू शकतो. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवलं जातं, तेव्हा दर सेकंदाला १८ कोटी ८७ लाख ठिपके रंगतात.

आता पहिल्या आकाशकडे पाहा. त्याचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे सेकंदाला ३६ कोटी ६० लाख ठोके. स्वतःच्या पडद्यावर त्याला दर ठिपक्यामागे जवळजवळ १६ ठोके मिळत होते. त्याच यंत्राला आयपॅडचा पडदा जोडला असता, तर दर ठिपक्याच्या वाट्याला दोन ठोकेही आले नसते. एक संपूर्ण चित्र साठवायला आयपॅडला ९४ लाख बाइट लागत, आणि आकाशची कार्यस्मृती सगळी मिळून २५६ मेगाबाइट होती. पडदा बदलला की प्रोसेसर, स्मृती, बॅटरी हे सगळंच बदलावं लागतं. म्हणून २,२६३ रुपयांच्या यंत्रावर ३१ लाख ठिपके बसवणं त्या वर्षी शक्यच नव्हतं. मुंबई आयआयटीतले प्रा. दीपक फाटक आणि त्यांचे सहकारी या प्रकल्पावर काम करत होते ते याच आर्थिक चौकटीत.

एका यंत्राकडून लाखो यंत्रांकडे गेलं की आकडे आणखी फुगतात. ५ मे २०२२ रोजी हरियाणात रोहतकमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहरलाल खट्टर यांच्या हस्ते ‘ई-अधिगम’ योजना सुरू झाली. राज्यातल्या सरकारी शाळांत दहावी ते बारावीला असलेल्या ५ लाख मुलांना टॅबलेट आणि रोज २ जीबी डेटा मोफत, अशी ती योजना. बाजारातल्या स्वस्त गटात ८.७ इंची आणि १३४० गुणिले ८०० ठिपक्यांचा पडदा सर्रास मिळतो. हिशेबासाठी तोच धरू. असे ५ लाख पडदे लांबीत एकापुढे एक मांडले, तर ओळ सुमारे ९५ किलोमीटर होते. दिल्लीपासून निघून ती थेट पानिपतला पोहोचते. सगळ्यांवरचे ठिपके मिळून ५३,६०० कोटी भरतात. सेकंदाला एक मोजायचा ठरवला, तर १७,००० वर्षं लागतील.

पण वाचणारे डोळे दोनच, आणि त्यांची मर्यादा ठरलेली आहे. वर्तुळाचे ३६० अंश आणि दर अंशाचे ६० भाग केले, तर २१,६०० कला होतात. नेत्रतज्ज्ञ ज्या दृष्टीला ६/६ म्हणतात, ती साधारण एका कलेएवढा तपशील वेगळा ओळखते. डच डॉक्टर हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये केलेला अक्षरतक्ता याच मापावर उभा आहे. ४० सेंटिमीटर अंतरावर एक कला म्हणजे ०.११६ मिलिमीटर, आणि २५ सेंटिमीटरवर ०.०७३ मिलिमीटर. म्हणजे ४० सेंटिमीटरवरून पाहताना इंचाला २१८ ठिपके असले की ते सुटे दिसत नाहीत. २५ सेंटिमीटरवर हाच आकडा ३४९ होतो आणि ६० सेंटिमीटरवर १४६ पुरतात.

आकाशच्या पडद्यावर इंचाला १३३ ठिपके होते. ते दिसेनासे व्हायला पडदा ६५ सेंटिमीटर दूर धरावा लागतो, आणि एवढ्या लांबून ७ इंची पडद्यावरचं कोणी वाचत नाही. १३४० गुणिले ८०० च्या पडद्यावर इंचाला १७९ ठिपके बसतात. ते ४९ सेंटिमीटरवर विरघळतात. आयपॅडच्या २६४ ठिपक्यांना ३३ सेंटिमीटर पुरतात. पुस्तक आपण साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर धरतो, म्हणजे आयपॅड मर्यादेच्या पलीकडे गेलेला होता.

पुढच्या वर्षांनी हेच दाखवून दिलं. २०१२ च्या अखेरीस नेक्सस १० हा टॅबलेट इंचाला ३०० ठिपके आणि एकूण ४० लाख ९६ हजार ठिपके घेऊन आला. त्या काळच्या जाहिराती पाहून ही शर्यत थांबणार नाही असंच वाटलं असतं. पण आयपॅडचा आकडा २६४ वरच थांबला. २०२४ मध्ये आलेल्या १३ इंची आयपॅड प्रोच्या पडद्यावरही इंचाला २६४ ठिपकेच आहेत. फक्त हातात जास्त जवळ धरला जाणारा मिनी ३२६ वर गेला. डोळ्याने जिथे रेघ ओढली, तिथे बाजारही थांबला.

थांबण्यामागे खर्चाचंही कारण होतं. ठिपके लहान झाले की प्रत्येकाभोवतीच्या तारा आणि ट्रान्झिस्टर प्रकाशाचा जास्त वाटा अडवतात, म्हणून मागचा दिवा अधिक प्रखर करावा लागतो. आयपॅड २ ची बॅटरी २५ वॅट-तासांची होती आणि तिसऱ्या आयपॅडची ४२.५ वॅट-तासांची. ऊर्जा ७० टक्के वाढवूनही कंपनीचा दावा पूर्वीइतकाच, १० तासांचा राहिला. वजन ६०१ ग्रॅमवरून ६५२ ग्रॅम झालं. सात महिन्यांतच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, त्याची जागा अधिक ताकदीच्या प्रोसेसरच्या चौथ्या आयपॅडने घेतली.

इथवरचा हिशेब कोणत्याही भाषेच्या वाचकाला लागू पडतो. आपला वेगळा प्रश्न यापुढे सुरू होतो, आणि खरेदीच्या वेळी तो कोणी विचारत नाही: ठिपके दिसेनासे झाले, पण एका अक्षराच्या वाट्याला किती आले?

शाळकरी मुलं टॅबलेटवर जे वाचतात, त्यात एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं महत्त्वाची. या संस्थेची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात. पीडीएफचं पान छापील पानासारखंच बांधलेलं असतं, पडदा लहान म्हणून ते नव्याने रचलं जात नाही. समजा पान ८ इंच रुंद आहे आणि मजकूर १२ पॉइंटचा, म्हणजे अक्षराच्या चौकटीची उंची एक षष्ठांश इंच. पडदा उभा धरून संपूर्ण पान त्यावर बसवलं, तर आकाशच्या ४८० ठिपक्यांच्या रुंदीत पानाच्या दर इंचाला ६० ठिपके येतात आणि अक्षराच्या चौकटीला उभे १०. ८०० ठिपक्यांच्या रुंदीत जवळजवळ १७ येतात. १२०० मध्ये २५ आणि आयपॅडच्या १५३६ मध्ये ३२.

रोमन लिपीला दहा ठिपक्यांत भागवता येतं. जुन्या यंत्रांवरची रोमन कॅपिटल अक्षरं ५ गुणिले ७ ठिपक्यांच्या चौकटीत उमटत आणि सहज वाचता येत. देवनागरीला त्याच दहा ठिपक्यांत तीन मजले बांधावे लागतात. वर रफार, वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, मध्ये शिरोरेषा आणि अक्षराचं अंग, खाली उकार आणि पायात जोडलेला र. ‘राष्ट्रीय’ हा शब्द घ्या. त्यातल्या जोडाक्षराचं अंग, खालचा र आणि वरची वेलांटी हे सगळं दहा ओळींत बसवताना कोणाला तरी चिरडावंच लागतं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला मोठा फरक शिरोरेषेतल्या बारीक खंडाचा. दहा ठिपक्यांच्या अक्षरात तो खंड एका ठिपक्याहूनही लहान होतो, म्हणजे दिसतच नाही. मग ‘घन’ की ‘धन’, ‘मात’ की ‘भात’, हे वाचणाऱ्याला वाक्याच्या अर्थावरून ठरवावं लागतं. सरावलेला वाचक ते करतो. विज्ञानाच्या पुस्तकात नवी संज्ञा पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलाला ते जमेलच असं नाही.

पडद्यासाठी देवनागरी रचणाऱ्यांनी हे दुखणं फार आधी ओळखलं होतं. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फाँट मुंबईत र. कृ. जोशी यांनी रचला. मोजक्या ठिपक्यांतही वळणं, मात्रा आणि जोडाक्षरं ओळखू यावीत, यासाठी अशा कामात अक्षरागणिक कष्ट घ्यावे लागतात. तरी ठिपकेच नसतील, तर उत्तमातल्या उत्तम रचनाकारालाही मर्यादा पडते.

याचा त्रास कोणाला होतो, ते दिल्लीतल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. जुन्या राजेंद्र नगरात आणि मुखर्जी नगरात महाराष्ट्रातून आलेली शेकडो मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांची पुस्तकं, टिपणं, वर्तमानपत्रं मोठ्या प्रमाणावर पडद्यावर आली आहेत. अक्षर बारीक आणि अस्पष्ट असलं की माणूस पडदा जवळ ओढतो. २० सेंटिमीटरवर आणला, तर ठिपके लपायला इंचाला ४३७ हवेत, म्हणजे जवळ ओढून ते आणखीच उघडे पडतात. एम्सच्या नेत्रतज्ज्ञांनी दिल्लीतल्या ९,८८४ शाळकरी मुलांची तपासणी करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यांत १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी आढळली. दिवसाला पाच तासांहून अधिक वाचणाऱ्यांत तिचं प्रमाण जास्त होतं, आणि बाहेर खेळणाऱ्यांत कमी. पडद्यावरचे ठिपके वाढवून चष्मा टळेल असा याचा अर्थ नाही. पण मुलाला पान डोळ्यांशी आणायला लावणारं यंत्र आपण त्याच्या हाती देऊ नये, एवढं तरी यातून घ्यावं.

मग किती ठिपके मागावेत? १०.१ इंची, १९२० गुणिले १२०० चा पडदा घ्या. त्यावर एकूण २३ लाख ४ हजार ठिपके असतात, आकाशच्या सहापट आणि तिसऱ्या आयपॅडच्या पाऊणपटीहून थोडे कमी. इंचाला २२४ ठिपके बसतात, ते ३९ सेंटिमीटरवर, म्हणजे पुस्तक धरण्याच्या अंतरावर, दिसेनासे होतात. आणि पाठ्यपुस्तकाचं संपूर्ण पान उभं बसवल्यावर अक्षराला २५ ठिपके मिळतात. एवढ्यात देवनागरीचे तिन्ही मजले उभे राहतात आणि ‘ध’चा खंड उघडा दिसतो. डोळ्याची मर्यादा आणि अक्षराची गरज, दोन्ही हिशेब इथे जुळतात.

यापुढच्या ठिपक्यांवर पैसे घालण्यापेक्षा ते बॅटरीवर, स्मृतीवर आणि पडद्याच्या उजेडावर घालावेत. मे महिन्याच्या दुपारी दिल्लीच्या उन्हात १ लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो, वर्गखोलीत काही शे लक्स. व्हरांड्यात बसून वाचणाऱ्याला तिथे पडद्याचा उजेडच लागतो. डेटाचंही तसंच आहे. १०८० ओळींच्या व्हिडिओत ४८० ओळींच्या व्हिडिओच्या पाचपट ठिपके असतात. ८०० ओळींच्या पडद्यावर ते सगळे मावत नाहीत, रोजचे २ जीबी मात्र लवकर संपतात.

ज्यांच्या हाती ८०० ठिपक्यांच्या रुंदीचा टॅबलेट आधीच आहे, त्यांनी तो आडवा धरून वाचावा. रुंदी १३४० ठिपक्यांची होते, अक्षराला १७ ऐवजी २८ ठिपके मिळतात, आणि पान दोनतीनदा सरकवावं लागतं, एवढंच. नेहरू प्लेसला नवा घ्यायला जाणाऱ्यांनी दुकानातच एनसीईआरटीच्या हिंदी पुस्तकाचं किंवा मराठी पाठ्यपुस्तकाचं पूर्ण पान उघडावं, पडदा ४० सेंटिमीटरवर धरावा आणि अनुस्वार, उकार, ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसतात का ते पाहावं. आणि लाखांनी टॅबलेट घेणाऱ्या सरकारांनी निविदेत किमान इंच आणि किमान मेगाहर्ट्झबरोबर आणखी एक ओळ लिहावी: आमच्या पाठ्यपुस्तकाचं पान संपूर्ण दिसत असताना देवनागरी अक्षराला उभे किमान २५ ठिपके मिळाले पाहिजेत. त्या एका ओळीने लाखो मुलांना स्वच्छ अक्षर मिळेल, आणि त्यावरचा एकही ठिपका वाया जाणार नाही.