आवाज अडतो कुठे? बिनतारी इअरबड्सच्या माइकविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिनतारी इअरबड्स कानांत घालून फोनवर बोलणाऱ्या मनुष्याची मुख्य अडचण अशी की, आपला आवाज पलीकडे कसा पोहोचतो आहे हे त्याला स्वतःला कधीच ऐकू येत नाही. समोरच्याचे बोलणे स्वच्छ ऐकू येत असते, गाणीही उत्तम वाजत असतात, आणि तरीही ‘तुमचा आवाज तुटतोय’, ‘विहिरीतून बोलल्यासारखं येतंय’ अशी तक्रार वारंवार येऊ लागली म्हणजे कोणी यंत्र नादुरुस्त ठरवून नवे खरेदी करतो, कोणी माइकच्या छिद्रात टाचणी घालतो, तर कोणी सारा दोष मोबाइल कंपनीच्या माथी मारतो. ज्या संभाषणात डॉक्टरांनी सांगितलेली औषधाची मात्रा, न्यायालयातील तारीख किंवा गावी एकट्या राहणाऱ्या आईची विचारपूस असते, त्यातील एक शब्द हरवणे ही क्षुल्लक बाब नव्हे. म्हणून या विषयातील रूढ समजुतींची एकदा नीट शहानिशा होणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : गाणी सुरेल वाजतात, म्हणजे माइकही तितकाच चांगला असला पाहिजे.

वस्तुस्थिती : ऐकणे आणि बोलणे ही कार्ये एकाच यंत्राकडे सोपवलेली असली तरी ब्लूटूथमध्ये त्यांचे मार्ग भिन्न आहेत. गाणी वाजत असताना ध्वनी फोनकडून कानाकडे एकाच दिशेने जातो आणि ‘ए२डीपी’ नावाच्या व्यवस्थेत त्याला ऐसपैस वाव मिळतो. परंतु कॉल सुरू होताच, दोन्ही दिशांनी आणि विनाविलंब ध्वनी न्यावयाचा असल्यामुळे, तोच फोन ‘एचएफपी’ या दुसऱ्या व्यवस्थेकडे वळतो. या व्यवस्थेत आवाजाचे नमुने सहसा सेकंदाला ८,००० किंवा, २०११ पासूनच्या सुधारित पद्धतीत, १६,००० घेतले जातात. संगीताच्या सीडीवर हीच संख्या ४४,१०० असते. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापलीकडील वारंवारतेचा ध्वनी टिकू शकत नाही, हा या शास्त्राचा मूलभूत सिद्धांत असल्याने जुन्या पद्धतीत ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे गळून पडते. आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण ओळखू येण्यास लागणारा बराचसा ध्वनी नेमका त्या वरच्या पट्ट्यात असल्यामुळे, समोरचा ‘सोडले’ म्हणाला की ‘फोडले’, असा संभ्रम उत्पन्न होतो. हा माइकचा बिघाड नसून मार्गाची मर्यादा आहे. लॅपटॉपवर ऑनलाइन बैठक सुरू होताच कानातला ध्वनी एकाएकी फिका पडतो त्याचेही कारण हेच. तेथे बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडून इअरबड्स केवळ ऐकण्यासाठी ठेवले, तर ऐकण्याचा दर्जा बहुधा पूर्ववत होतो.

गैरसमज २ : ‘नॉइज कॅन्सलेशन’ असले की भोवतालचा गोंगाट पलीकडे जात नाही.

वस्तुस्थिती : ज्याला ‘एएनसी’ म्हणतात त्या तंत्राचा लाभ फक्त परिधान करणाऱ्यास होतो. बाहेरच्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर निर्माण करून गोंगाट शमवावा, या कल्पनेचे अमेरिकी पेटंट पाउल लुएग या जर्मन संशोधकास १९३६ मध्ये मिळाले होते, आणि आजचे इअरबड्सही त्याच तत्त्वावर चालतात. समोरच्या व्यक्तीच्या कानावर मात्र त्याचा काहीही अंमल चालत नाही. तिच्यासाठी ‘ईएनसी’ नावाची निराळी तजवीज असते : दोन किंवा अधिक माइकवर ध्वनी किती अंतराने पोहोचला यावरून त्याची दिशा ताडून तोंडाच्या दिशेचा आवाज राखला जातो आणि उरलेला दाबला जातो. दादर स्थानकावर गाडी फलाटात शिरत असताना हीच गाळणी गोंगाटाबरोबर आपल्या शब्दांची अंत्याक्षरेही कापून टाकते. शिवाय गोंगाटात मनुष्य नकळत आवाज चढवतो, ही प्रवृत्ती एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये वर्णन केली आहे. कानात कृत्रिम शांतता असली की ती प्रेरणा मंदावते आणि आपण गर्दीतही हळू बोलू लागतो. तेथे जाणीवपूर्वक आवाज थोडा चढवणे हाच उपाय. वाऱ्याची फडफड तर छिद्रापाशीच हवेच्या भोवऱ्यांतून उत्पन्न होते; तिच्यावर आडोसा घेण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

गैरसमज ३ : आवाज मुळीच पोहोचत नाही, म्हणजे माइक निकामी झाला.

वस्तुस्थिती : अनेकदा माइक शाबूत असतो, पण त्याला परवानगी नसते. अँड्रॉइडच्या २०१५ मधील सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला माइकची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते, आणि २०२१ मधील बाराव्या आवृत्तीत सर्व ॲपचा माइक एकाच बटणाने बंद करण्याची सोय आली. साध्या कॉलवर आवाज जातो आणि व्हॉट्सॲपवर जात नाही, असे आढळले तर प्रथम संशय परवानगीवर घ्यावा. ब्लूटूथच्या यादीत इअरबड्सच्या नावाशेजारील खूण दाबली असता कॉलसाठी एक आणि संगीतासाठी दुसरे अशी दोन बटणे बहुतेक अँड्रॉइड फोनवर दिसतात. त्यांतील पहिले बंद असेल तर गाणी वाजतात, परंतु बोलणे फोनच्याच माइकवरून जाते, आणि फोन पिशवीत असेल तर ते जवळजवळ ऐकूच येत नाही. एअरपॉड्समध्ये माइक ‘नेहमी डावा’ असा मुक्रर केलेला असेल तर डावा इअरबड डबीत ठेवला तरी माइक त्याचाच चालू राहतो. इअरबड्स एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप या दोहोंशी जोडलेले असतील तर माइकचा ताबा भलत्याकडेच राहिलेला असणेही संभवते.

परीक्षेच्या रीतीतही एक फसगत आहे. रेकॉर्डर ॲप उघडून आपलाच आवाज ऐकण्याचा प्रघात आहे. पण इअरबड्स जोडलेले असताही फोनचाच माइक वापरणारी रेकॉर्डर ॲप पुष्कळ आहेत, त्यामुळे हा दाखला ग्राह्य धरता येत नाही. त्यापेक्षा परिचिताला साधा कॉल लावावा, एका इअरबडच्या माइकच्या छिद्रावर बोट हलकेच घासावे, आणि खरखर ऐकू आली का ते विचारावे. मग फक्त दुसरा इअरबड कानात ठेवून तोच प्रयोग करावा. कोणत्या बाजूचा माइक जिवंत आहे याचा निकाल एका मिनिटात लागतो.

गैरसमज ४ : छिद्र बुजले असेल तर टाचणीने किंवा जोराच्या फुंकरीने मोकळे करावे.

वस्तुस्थिती : त्या छिद्राआड सिलिकॉनच्या चकतीवर बसवलेला, केसाहूनही कितीतरी पातळ असा कंपनशील पडदा असतो, टाचणीने जाळी फाटते आणि हवेच्या तीव्र झोताने पडद्यालाच इजा होऊ शकते. कानातील मळ, घाम आणि धूळ यांनी जाळी बुजणे हे आवाज दबका येण्याचे अगदी सामान्य कारण आहे, आणि त्यावर मऊ, कोरडा ब्रश पुरेसा असतो. छिद्र खालच्या बाजूस धरून घासावे, म्हणजे कण आत न जाता बाहेर पडतात. सिलिकॉनचे कव्हर घातले असेल तर ते छिद्रावर येत नाही ना, हेही पाहावे. ‘आयपीएक्स४’ ही मोहोर तुषारांपासून संरक्षणाची हमी देते. जाळीवर बसलेला थेंब आवाज अडवणार नाही, असे ती सांगत नाही. असा थेंब मोकळ्या हवेत वाळू द्यावा, हेअर ड्रायर वापरू नये.

गैरसमज ५ : फोन खिशातच आहे, तेव्हा जोडणीत खोट असणे शक्य नाही.

वस्तुस्थिती : ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि मानवी देहाचा बहुतांश भाग पाणीच आहे. त्यामुळे मागच्या खिशातील फोन आणि कान यांच्यामध्ये आपलाच देह आडवा येतो. वायफाय आणि मायक्रोवेव्ह शेगडीही याच पट्ट्यात वावरतात. गाणे तुटत नाही म्हणून जोडणी निर्दोष मानणे मात्र चूक; गाण्याचा काही अंश आगाऊ साठवलेला असल्याने लहान खंड झाकला जातो, संभाषणाला तशी शिल्लक ठेवताच येत नाही. फोन वरच्या खिशात घेऊन फरक पडतो का, ते पाहावे.

गैरसमज ६ : ब्लूटूथची आवृत्ती नवी किंवा किंमत अधिक, की कॉल स्पष्ट.

वस्तुस्थिती : आवृत्तीचा क्रमांक माइकच्या गुणवत्तेविषयी काहीच सांगत नाही. ‘एलई ऑडिओ’ आणि त्यातील ‘एलसी३’ ही पद्धत संभाषणाचा दर्जा खरोखर सुधारू शकते. पण त्यासाठी फोन आणि इअरबड्स या दोघांनीही तिचा स्वीकार केलेला असावा लागतो. नेटवर्क किंवा समोरच्याचा फोन कमकुवत असेल तर उत्तम माइकही व्यर्थ.

सारांश, तपासाचा क्रम असा ठेवावा : प्रथम इअरबड्स काढून फोनवरूनच बोलावे, तक्रार तरीही कायम राहिली तर दोष इअरबड्सचा नव्हे. ती थांबली तर परवानगी आणि बटणे पाहावीत, दुसरी जोडणी तोडावी, जाळी ब्रशने साफ करावी, जुनी जोडणी पुसून नव्याने जोडावी, कंपनीच्या ॲपमधून सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. एवढे करूनही, दुसऱ्या फोनला जोडल्यावरही तोच दोष आढळला तरच माइक बिघडला असे मानावे आणि मुदत असेल तर वॉरंटीचा हक्क बजावावा. आणि बोलणे खरोखर महत्त्वाचे असेल तेव्हा इअरबड्स बाजूला ठेवून फोन तोंडाजवळ धरावा. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने आजही याहून भरवशाचा मार्ग नाही.