डिस्क बर्न करण्याचं सॉफ्टवेअर: नवी आवृत्ती घ्यावी का?

नव्या आवृत्तीमुळे गाणी अधिक चांगली ऐकू येत नाहीत. ऑडिओ सीडीचं मानक १९८० साली ठरलं: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. आजही प्रत्येक सॉफ्टवेअर तेच पाळतं. एमपीथ्री करताना गळालेले बारकावेही सीडीवर परत येत नाहीत.

मग बदल कधी करावा? जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसेल, फ्लॅक फाइल वाचत नसेल किंवा सीडी-टेक्स्ट, म्हणजे गाण्याचं आणि गायकाचं नाव, डिस्कवर लिहीत नसेल तेव्हा. दोन ट्रॅकमधली शांतता शून्य करता येते का, हेही तपासा. अनेक ट्रॅकमध्ये विभागलेली रागाची मैफल सलग ऐकायची, तर ही सोय हवीच.

यांतलं काही अडत नसेल तर पैसे खर्च करू नका. सीडीबर्नरएक्सपी, इमगबर्न ही मोफत सॉफ्टवेअर घरगुती कामाला पुरतात. त्यापेक्षा चांगल्या कोऱ्या डिस्क घ्या, त्या उन्हापासून दूर ठेवा आणि मूळ फाइलींची एक प्रत हार्ड डिस्कवर जरूर जपा.